कापडी पिशवी ७१०० वेळा? आधी प्रश्न काय होता ते वाचा

"कापडी पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा चांगली ठरते. रोज एकदा वापरली तरी साडेएकोणीस वर्षं लागतील. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. हे संगणकावर मोजून सिद्ध झालंय. म्हणून कापड-कागदाचा नाद सोडा, प्लास्टिकच वापरा."

हा मजकूर गेली काही वर्षं मोबाइलवर फिरतोय. पॅकेजिंगचा पर्यावरणीय फुटप्रिंट, म्हणजे वस्तू तयार होण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर पडणारा भार, सॉफ्टवेअरवर मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तो माझ्याकडे हमखास येतो आणि सोबत विचारणा असते, "खरंय का हे?" एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. आकडा बनावट नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं किराणा नेण्याच्या पिशव्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात तो आहे. अभ्यास डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठानं, म्हणजे डीटीयूनं, स्वतःच विकसित केलेल्या ईझटेक या सॉफ्टवेअरवर केला. काही जण "प्लास्टिकवाल्यांनी पैसे देऊन करून घेतलाय" म्हणून तो उडवून लावतात, तेही चूक आहे. काम सरकारी संस्थेसाठी झालं आणि त्यातली गृहीतकं अहवालात उघड लिहिलेली आहेत. ती वाचायचे कष्ट मजकूर फिरवणाऱ्यांनी घेतले नाहीत, गाडी तिथे घसरली.

आता पहिलं वाक्य: "७१०० वेळा."

अशा सॉफ्टवेअरमध्ये कापडी पिशवीची नोंद उघडली की आधी साध्या ओळी दिसतात. कापसाचं सूत इतके ग्रॅम, विणकामाची वीज इतकी, रंगाई, शिलाई, ट्रक, जहाज, आणि शेवटी कचरा जाळणारी भट्टी किंवा पुनर्चक्रीकरण. प्रत्येक ओळीमागे डेटाबेसमधली लांबलचक साखळी असते: सुतामागे शेत, शेतामागे खत आणि पाण्याचा पंप, पंपामागे वीज, विजेमागे कोळसा किंवा धरण. हिशोब चालवला की एक उत्तर येत नाही, उत्तरांचा तक्ता येतो. हवामानबदल कार्बन डायऑक्साइडच्या किलोत, ओझोन थराची झीज सीएफसी-११ या ओझोनमारक रसायनाच्या तुलनेत, पाण्याचा वापर घनमीटरमध्ये, शिवाय जमीन, आम्लता, विषारीपणा आणि आणखी बरेच रकाने. किलोत घनमीटर मिळवता येत नाहीत. या रकान्यांना आपापल्या मताप्रमाणे वजन देऊन एकच गुण काढणं, आणि त्यावर "ही वस्तू त्या वस्तूपेक्षा सरस" असं जाहीर करणं, अशा मोजमापासाठीच्या आयएसओ १४०४४ या आंतरराष्ट्रीय मानकाला मंजूर नाही.

म्हणून डीटीयूच्या अभ्यासकांनी प्रत्येक पिशवीसाठी दोन आकडे दिले. एक फक्त हवामानबदलाचा. दुसरा सर्व रकान्यांचा, म्हणजे सगळ्यांत वाईट रकान्यातही ती पिशवी प्लास्टिकच्या बरोबरीला यायला किती वापर लागतील त्याचा. साध्या कापसाच्या पिशवीचा पहिला आकडा ५२ आहे आणि दुसरा ७१००. आठवड्याला एकदा बाजार केला तर ५२ वापर एका वर्षात होतात. हा ५२ त्याच अहवालात, त्याच पिशवीसमोर छापलेला आहे, पण फिरणाऱ्या मजकुरातून तो गळाला.

मग ७१०० आला कुठून? ओझोनच्या रकान्यातून. हा रकाना आमच्या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. डेटाबेसमध्ये तो पुष्कळदा तेल-वायूच्या उद्योगात आग विझवायला ठेवलेल्या हॅलॉन या ओझोनमारक रसायनाच्या गळतीनं फुगतो. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराखाली विकसित देशांत हॅलॉनचं उत्पादन १९९४ पासून बंद आहे, पण जुन्या नोंदी डेटाबेसमधून इतक्या लवकर जात नाहीत. ओझोन थर महत्त्वाचा नाही असं मी अजिबात म्हणत नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत निदान शिजलेलं हवं. आमच्या कामात एखादा रकाना बाकीच्यांपेक्षा शेकडो पट पुढे गेला, तर आधी त्यामागची नोंद उघडून बघतात आणि मगच आकड्यावर बोलतात.

"सेंद्रिय कापसाची २०,००० वेळा." हवामानबदलाच्या रकान्यात हा आकडा १४९ आहे. शिवाय अभ्यासाची तुलना २२ लिटर आणि १२ किलो सामान एकदा घरी नेण्यावर बेतलेली होती. तपासलेली सेंद्रिय पिशवी २२ लिटरला थोडी अपुरी पडली, म्हणून हिशोबात एकीच्या जागी दोन पिशव्या धरल्या आणि भार दुप्पट झाला. नियमानं ते बरोबरच होतं. पण ज्याचं सामान एका पिशवीत मावतं, त्याला हा आकडा लागू होत नाही.

"संगणकावर सिद्ध झालंय." सॉफ्टवेअर काही सिद्ध करत नाही, विचारलेल्या प्रश्नाचा हिशोब करतं. इथे प्रश्न असा होता: २०१७ सालच्या डेन्मार्कमध्ये, युरोपात तयार झालेल्या, नव्या विकत घेतलेल्या पिशवीतून सामान घरी न्यायचं आणि नंतर ती पिशवी डॅनिश कचराव्यवस्थेकडे सोपवायची. तुलनेला धरलेली प्लास्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून पुन्हा वापरली जाते असंही गृहीत होतं. त्यामुळे वेगळं अस्तर घ्यावं लागलं नाही, याचं श्रेय तिच्या खात्यात जमा झालं.

या एका ओळीनं किती फरक पडतो ते ब्रिटनच्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, फक्त हवामानबदलाच्या हिशोबानं, कापडी पिशवीला १३१ वापर लागतात. हे कधी? पातळ प्लास्टिक पिशवी एकदा वापरून टाकली तर. त्यांतल्या ४०.३ टक्के पिशव्या कचऱ्याच्या डब्याला लागल्या असं धरलं की १७३, आणि सगळ्याच लागल्या असं धरलं की ३२७. कापडी पिशवीत एका धाग्याचाही बदल झालेला नाही. बदललं ते दुसऱ्या पिशवीचं पुढे काय होतं एवढंच. कोणी नुसता आकडा सांगितला आणि ही ओळ सांगितली नाही, तर त्यानं काहीच सांगितलेलं नसतं.

"म्हणून प्लास्टिकच वापरा." या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. उघड्यावर पडणाऱ्या प्लास्टिकचा परिणाम डेन्मार्कमध्ये नगण्य मानून अभ्यासातून वगळला होता. जिथे जवळजवळ सगळा कचरा गोळा होऊन भट्टीत किंवा पुनर्चक्रीकरणाला जातो आणि भट्टीतून वीज व उष्णता मिळते, तिथे ते एक वेळ चालेल. जिथे पिशवी नाल्यात अडकते, जनावराच्या पोटात जाते किंवा नदीतून समुद्राला मिळते, तिथे ते चालत नाही. या मोजमापाच्या रूढ पद्धतींमध्ये समुद्रातल्या प्लास्टिकसाठी रकानाच नव्हता. तो तयार करण्याचं काम अलीकडे सुरू झालं आहे. तक्त्यात रकाना नसला की तिथलं नुकसान शून्य आहे असा अर्थ लोक काढतात. ते मोजलेलंच नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

कापडी पिशवीची बाजू मी डोळे मिटून घेणार नाही. कापसाला पाणी, खत आणि जमीन भरपूर लागते, आणि हा भार खरा आहे. प्रत्येक समारंभात वाटलेली नवी कोरी कापडी पिशवी कपाटात पडून राहिली, तर ५२ चा आकडाही ती गाठणार नाही. अशा पिशवीपेक्षा प्लास्टिकची परवडली, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. कोणतीही पिशवी असो, जितक्या जास्त वेळा वापरता येईल तितकी वापरा, असं तो डॅनिश अहवालही सांगतो.

पण फिरणारा मजकूर वाचून लोक करतात काय? घरातली कापडी पिशवी घरीच ठेवतात आणि दुकानात प्लास्टिकची मागून घेतात. हा हिशोब त्या अभ्यासानं केलेलाच नाही, कारण तिथे दोन्ही पिशव्या नव्या विकत घेतलेल्या होत्या. दाराच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीचं शेत, सूत आणि शिलाई कधीच होऊन गेली आहे. ती आज बाजारात नेली तर तिच्या खात्यावर फार तर धुण्याचं पाणी आणि साबण चढेल. दुकानातली पिशवी घेतली तर तेलविहिरीपासूनचा सगळा भार नव्यानं चढतो.