‘मदत’ की ‘भरपाई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नुसते आभार मानून मोकळं व्हावं असं वाटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदा म्हणजे तीस वर्षं चाललेला शब्दांचा खेळ आहे, तेवढ्या काळात उत्सर्जन वाढतच गेलं, प्रशांत महासागरातल्या वानुआतूसारख्या तीन लाख वस्तीच्या देशाचं माझ्या लेखात मी उगाच कौतुक केलं, आणि भारताने या भानगडीत न पडता आपलं आपण बघावं.

उत्सर्जनाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९९२ साली रिओमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारावर सह्या झाल्या तेव्हा कोळसा, तेल आणि वायू जाळून जग वर्षाला साधारण २२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत होतं. आज तो आकडा ३७ अब्जांच्या वर आहे. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं आणि मी ते लिहिलं नाही, ही चूक माझीच. २०१५च्या पॅरिस हवामान कराराच्या वेळी शतकाअखेरच्या तापमानवाढीचा अंदाज साडेतीन-चार अंशांचा होता आणि आता तो तीनच्या खाली आला आहे, एवढं मी सांगू शकतो. पण ज्यांच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरलंय त्यांना हे ऐकून काय वाटेल? मला स्वतःलाही त्यात समाधान नाही.

माझा आक्षेप ‘शब्दांचा खेळ’ याला आहे.

आपल्याकडे गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. नंतर सरकार जाहीर करतं ती ‘मदत’. विमा उतरवला असेल तर कंपनीकडे मागायची ती ‘नुकसानभरपाई’. या दोन शब्दांतला फरक शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मदत किती आणि केव्हा, ते देणारा ठरवतो. भरपाई हक्काची, ती अडली तर त्यासाठी भांडता येतं. बेटांवरचे देश १९९१पासून याच फरकासाठी भांडत आले आहेत.

लहान बेटांच्या देशांनी १९९० साली आपला गट बांधला. पुढच्याच वर्षी, मूळ कराराचा मसुदा अजून लिहिला जात होता तेव्हा, वानुआतूने गटातर्फे प्रस्ताव ठेवला: समुद्र चढून आमची जमीन जाणार आहे, तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारा, आणि त्यात श्रीमंत देशांनी आपापलं उत्पन्न आणि उत्सर्जन यांच्या प्रमाणात वर्गणी भरावी. प्रस्ताव बारगळला. करारात विम्याचा ओझरता उल्लेख तेवढा राहिला. २०१५च्या मार्चमध्ये पॅम चक्रीवादळ वानुआतूवर आलं आणि देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास दोन-तृतीयांश एवढं नुकसान करून गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिस करारात ‘हानी आणि नुकसान’ यासाठी, म्हणजे हवामान बदलाने आधीच होणाऱ्या नुकसानासाठी, स्वतंत्र कलम आलं खरं, पण सोबतच्या ठरावात एक परिच्छेद घालून घेतला गेला: या कलमाच्या आधारे कुणावर दायित्व येणार नाही, कुणाला भरपाई मागता येणार नाही.

शब्द पोकळ असते, तर तो परिच्छेद घालण्यासाठी बलाढ्य देशांनी एवढा आग्रह धरला असता का? पॅरिसचीच दुसरी गोष्ट सांगतो. शेवटच्या दिवशी अंतिम मसुद्यात विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात ‘शुड’च्या जागी ‘शॅल’ छापलं गेलं होतं, म्हणजे ‘करावी’ऐवजी ‘केलीच पाहिजे’. अमेरिकेने सांगितलं की हे असं राहिलं तर आम्ही करारात येऊ शकत नाही. बंधनकारक शब्द म्हणजे करार सेनेटपुढे न्यावा लागणार, आणि तिथे तो पडणार. ताणाताणीत काही वेळ गेला, आणि मग सचिवालयाच्या अधिकाऱ्याने इतर किरकोळ दुरुस्त्यांसोबत तो बदल वाचून दाखवला. एका क्रियापदावर सगळा करार अडला होता.

या ‘हानी आणि नुकसान’साठी पुढे जो निधी उभारला गेला, त्याबद्दल राग येत असेल तर तो मात्र मला पूर्ण पटतो. २०२२ साली पाकिस्तानात पुराने तीन कोटींहून अधिक लोकांना फटका बसला, आणि विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपद तेव्हा पाकिस्तानकडेच होतं. त्या वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत निधीचा निर्णय झाला, २०२३ला दुबईत तो सुरू झाला. २०२५च्या मध्यापर्यंत कबूल झालेली रक्कम होती सुमारे ७७ कोटी डॉलर. पाकिस्तानच्या त्या एका पुराचं नुकसान ३,००० कोटी डॉलरच्या वर होतं. शिवाय हे पैसे ऐच्छिक आहेत. म्हणजे पुन्हा ‘मदत’च.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, आणि वानुआतूचं कौतुक मी केलं ते याचसाठी. २०१९ साली वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. त्या न्यायालयाचं सल्लागार मत, म्हणजे कायदा काय सांगतो याबद्दलचा अभिप्राय, एकटा देश मागू शकत नाही. ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसारख्या संस्थेने मागावं लागतं. मग वानुआतूचं सरकार एकेका देशाचं दार ठोठावत फिरलं. मार्च २०२३मध्ये १३०हून अधिक देशांनी तो ठराव मिळून मांडला आणि तो मतदानाशिवाय मंजूर झाला. २३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडल्याने नुकसान झालं हे दाखवता आलं तर पूर्ण भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत बंधनकारक नाही, आणि नुकसानाचा धागा एका देशापर्यंत नेऊन जोडणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही १९९१ साली बाहेर ठेवलेला शब्द आता न्यायालयाच्या कागदावर आहे.

आता भारत. हेगमध्ये आपण बाजू मांडली की आधीच्या करारांपलीकडे नवी बंधनं न्यायालयाने घालू नयेत. दरडोई उत्सर्जन इतकं कमी असलेल्या देशाची ही भीती मला समजते. पण त्या दिवशी आपण बेटांच्या बाजूला उभे दिसलो नाही, याचं वाईट वाटलं. २०२१च्या ग्लासगो परिषदेतही कोळशाच्या वाक्यात ‘बंद करणं’ऐवजी ‘कमी करत नेणं’ आणण्यात आपण पुढे होतो. तेल आणि वायू सोडून एकट्या कोळशाचं नाव घेणं अन्यायाचं होतं, हे खरं. पण बेटांच्या प्रतिनिधींना तो बदल जड मनाने गिळावा लागला, हेही तितकंच खरं.

आणि आपलं आपण बघावं म्हणता, तर ज्या वाक्यावर भारताची सगळी बाजू उभी आहे, की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नव्हे, ते वाक्य १९९२च्या करारात याच शब्दांच्या भांडणातून आलं. ते सोडून प्रत्येकाने आपापलं बघायचं ठरवलं तर काय होतं, ते युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्कात, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर लावलेल्या शुल्कात, दिसतंय. आपल्या पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या निर्यातीला त्याची झळ बसते आहे. ते युरोपने स्वतःच्या कायद्याने ठरवलं. त्यावरची तक्रार भारत मांडतो ती जागतिक व्यापार संघटनेत, आणि तुम्ही निरुपयोगी म्हणता त्या परिषदांत.