स्कोपला थाप मारता येत नाही

खरा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेघेनं दाखवणारी पेटी, निदान बिघडतो तरी. प्रोब सैल होते, नॉब कुरकुरतो, रेघच पडद्याबाहेर पळते. मग दोन शिव्या हासडायच्या, पेटीला एक थाप द्यायची आणि कामाला लागायचं. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत माझा हात असाच बसला. पण कॉम्प्युटरमधल्या स्कोपला थाप द्यायची कुठं? पोरीच्या लॅपटॉपला? त्याचे हप्ते चालू आहेत.

पोरगी डिप्लोमाला. वीन ब्रिज ऑसिलेटर, म्हणजे आपली आपण लहर उठवणारं सर्किट; त्याची साइन वेव्ह (गुळगुळीत, एकसारखी लहर) तिला सकाळी मॅडमना दाखवायची होती. रेझिस्टर १० किलोओहमचे, कपॅसिटर १६ नॅनोफॅरडचे, म्हणजे साधारण १ किलोहर्ट्झ यायला पाहिजे. सिम्युलेशन, म्हणजे लॅपटॉपातलं लुटुपुटूचं सर्किट, सुरू केलं. सरळ रेघ. व्होल्ट-पर-डिव्हिजन (पडद्याच्या एका खणाला किती व्होल्ट) कमी केलं, टाइम-पर-डिव्हिजन फिरवलं (माउसनं नॉब फिरवणं म्हणजे चिमट्यानं भाकरी थापणं), तरी सरळ रेघच.

"चालू आहे का बंद?" आमच्या हिनं विचारलं.

"चालू आहे."

"मग दिसंना कसं?"

भानगड अशी, की तिथं सगळंच आदर्श. खऱ्या सर्किटमध्ये रेझिस्टरच्या उष्णतेनं बारीकसा नॉइज (विजेची खरखर) असतो, स्विच टाकताना सप्लायचा धक्का बसतो. तेवढी चिमूटभर गडबड धरून ॲम्प्लिफायर ती फुगवत नेतो आणि वेव्ह उभी राहते. इथं गडबडच नाही, आणि ॲम्प्लिफायरनं शून्याला तीननं गुणलं तरी शून्यच. बाहेर सोलापूरचा मे महिना, पारा ४२ च्या वर, डोक्यावर पत्रा, शेजारी पॉवरलूमची खडखड. एवढा नॉइज फुकट वाया चाललेला, आणि लॅपटॉपात एक मायक्रोव्होल्ट शिरायला तयार नाही!

शेवटी एका कपॅसिटरला सुरुवातीचे १० मिलिव्होल्ट दिले, गेन (ॲम्प्लिफायर किती पट फुगवतो ते) तीनच्या जरासा वर नेला. वेव्ह जन्मली, पण वाढायची घाई तिला नव्हती. सर्किटातले २० मिलिसेकंद सरेपर्यंत घरात भाकरी झाल्या, शेंगाचटणी वाढून झाली, जेवणंही उरकली. मग एकदाची वाढली ती सप्लायला डोकं आपटेपर्यंत. दोन्ही टोकं चपटी. फीडबॅकमध्ये, म्हणजे लहर परत आत फिरवणाऱ्या वाटेत, लहर मोठी झाली की गेन दाबणारे उलटसुलट दोन डायोड टाकले, तेव्हा कुठं ताळ्यावर आली. ५०० मायक्रोसेकंदांच्या डिव्हिजनवर एक लहर बरोबर दोन खणांत.

पोरगी डोळे चोळत आली, वाकून बघितलं.

"पप्पा, लईच सुबक आलीय. मॅडमना खरी वाटायची नाही. जरा नॉइज टाका की!"