माशांची गोधडी

उणे २२ सेल्सिअस, रात्रीचे अकरा, आणि मी मिनेसोटातल्या आमच्या परसात उकिडवा बसून एका प्लास्टिकच्या नळीला शेक देतोय. शेकायला आईची रबरी पिशवी, तिच्या कंबरेसाठी साताऱ्याहून आलेली. आई खिडकीतून एकटक बघतेय. माझ्याकडे नाही, पिशवीकडे.

हे तळं घराबरोबरच पदरात पडलं, आतल्या नऊ कोई (म्हणजे रंगीत जपानी) माशांसकट. घर विकणारा जाताना एवढंच बोलला, "हिवाळ्यात बर्फाला एक भोक ठेवा." तळाशी पालापाचोळा कुजत असतो, त्याचा वायू बाहेर पडायला हवा, वरून झाकण गच्च बसलं की मासे गुदमरतात. म्हणून डिफ्यूझर. गॅरेजात घुरघुरणारा पंप, तिथून निघालेली नळी, टोकाला ताटलीएवढी चकती, तिच्यातून बुडबुडे.

मी पडलो इंजिनिअर. काम करायचं तर मुळापासून! पहिल्या वर्षी चकती नेऊन ठेवली थेट तळाशी, सगळ्यात खोल जागी. बुडबुडे काय झकास येत होते! आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले.

मग बायकोने शांतपणे शाळेतलं विज्ञान काढलं. पाणी सगळ्यात जड ४ अंशांना. हिवाळ्यात तेच तळाशी जाऊन बसतं, आणि मासे त्यात निपचित पडून राहतात, खाणंपिणं बंद. माझे बुडबुडे नेमकं तेच पाणी वर थंडीत उपसत होते. म्हणजे झोपलेल्याची गोधडी ओढायची आणि वर सांगायचं, हवा खेळती हवी! (आमच्या हॉस्टेलचे रेक्टर असेच होते.) मुकाट्याने चकती काठाजवळ, उथळ पाण्यात आणली.

मासे ४ अंशांत, मी उणे २२ मध्ये. कीव मात्र सगळ्यांना माशांची.

आता भानगड नळीची. पंपाच्या हवेतला दमटपणा आत गोठतो, बुडबुडे बंद पडतात, आणि बघता बघता भोकावर सायीसारखा बर्फ धरतो. सुरुवातीला मी हातोडा घेऊनच धावलो होतो. पण बर्फावर घाव घातला की हादरा पाण्यातून माशांना बसतो म्हणे. म्हणून हा शेक.

वीसेक मिनिटांनी नळी खोकली. बुळूक. मग जरा थांबून बुळूक, बुळूक.

दार किलकिलं झालं.

"सुटला का रे वायू?"

"सुटला, आई."

"मग आण ती पिशवी आत. आणि आधी धुऊन घे."