आधी चोकोबो, मग जग

जगाचा अंत सात दिवसांवर आला असेल तर घाबरून जाऊ नका. आधी एक चांगला चोकोबो, म्हणजे स्वारीचा मोठा पक्षी, पकडा.

‘फायनल फँटसी सेव्हन’ पहिल्यांदाच खेळायला बसणाऱ्यांसाठी हा सल्ला. 1997 साली प्लेस्टेशनवर तीन डिस्कमध्ये आलेला हा गेम लोक अजूनही का खेळतात, असं कुणी विचारलं तर कथा, पात्रं, नोबुओ उएमात्सुंचं संगीत वगैरे सांगायची पद्धत आहे. बेलाशक सांगा, खोटं काहीच नाही त्यात. खरं कारण मात्र मनातच ठेवा: चालढकलीला इतका मान दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

खलनायक सेफिरॉथने जगाचा नाश करायला उल्का बोलावलेली असते. ती नुसती ऐकीव नसते, नकाशावर हिंडताना आकाशात लालभडक लटकलेली दिसते. शेवटी शेवटी तर सोबतीच तोंडाने सांगतात, उरले सात दिवस. अशा वेळी विचारी माणसाने सरळ गोल्ड सॉसर ही करमणुकीची जत्रा गाठावी आणि चोकोबोंच्या शर्यती लावाव्यात. रात्र झाली, मुक्कामाला थांबा. सकाळी पुन्हा शर्यत. वाटल्यास महिनाभर करा. उल्का सभ्य आहे, तुमचं आटोपल्याशिवाय खाली येत नाही.

चोकोबोंच्या प्रजननाकडे तर अजिबात दुर्लक्ष नको. आधी हिरवा आणि निळा, त्यांच्यापासून काळा, मग काळ्याची गाठ बर्फाळ भागातल्या उत्तम जातीच्या चोकोबोशी आणि त्यातून अखेर सोनेरी. हे सगळं रंगीत स्थळं जुळवण्यासारखं आहे, फक्त मानपानाऐवजी इथे अक्रोड-बदामाच्या जातीची फळं लागतात. त्यातलं झिओ नट एका बेटावरच्या गोब्लिनकडून चोरावं लागतं. होय, चोरावंच लागतं. जगाचे तारणहार आहात तुम्ही, लाजता कसले? एव्हाना लोकांच्या घरात न विचारता शिरून पेट्या उघडायची सवय झालेलीच असेल.

सोनेरी चोकोबो डोंगर, नदी, समुद्र, काहीही ओलांडतो. तोवर तुमच्याकडे विमान आलेलं असतं, ही गोष्ट वेगळी. पण कोपऱ्यातल्या त्या एका बेटावर विमान उतरत नाही, आणि ‘नाइट्स ऑफ द राउंड’ मटेरिया (जादूचा गोळा) नेमकं तिथेच ठेवलेलं असतं. ते वापरलं की तेरा सरदार एकेक करून येतात, प्रत्येक जण आपला वार करतो, आणि तुम्ही कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसता. मूळ गेममध्ये हे दृश्य वगळता येत नाही. तक्रार करू नका, सेफिरॉथकडे याहून लांबलचक सुपरनोव्हा नावाचा हल्ला आहे. त्यात ग्रहांच्या ठिकऱ्या उडतात, सूर्य फुगून पृथ्वी गिळतो, आणि एवढं होऊनही तुमचे गडी जागेवर उभे! हेल्थ उतरलेली असते, मरत कुणी नाही. थोड्या वेळाने तो तेच ग्रह पुन्हा फोडतो.

औषधं जपून वापरा, म्हणजे वापरूच नका. सगळ्यांना ठणठणीत करणारं मेगालिक्सर हातात आलं की ‘पुढे अवघड बॉस येईल तेव्हा’ म्हणून बाजूला ठेवावं. तो बॉस आला की ‘याहून अवघड येईल तेव्हा’. असं करत करत श्रेयनामावली सुरू होते आणि साठा जसाच्या तसा असतो. याला शिस्त म्हणतात.

एका ठिकाणी मात्र ही सगळी हुशारी चालत नाही. पहिल्या डिस्कच्या शेवटी तुमची सोबतीण एअरिथ मारली जाते. (इतक्या जुन्या गोष्टीला स्पॉयलर म्हणू नका.) लढाईत कुणीही पडलं तरी फिनिक्स डाउनने उठतं, बॅगेत त्यांचा ढीग असतो, आणि इथे ती बॅग उघडायचा पर्यायच येत नाही. एरवी महिनाभर खोळंबून राहणारा गेम या एका क्षणी तुमच्यासाठी थांबत नाही. तिला परत आणायची गुप्त वाट असणारच, या आशेने लोकांनी गेमचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. तुम्हीही धुंडाळा. नाही सापडत, पण तेवढाच उल्केला विसावा.

मग सगळ्यांना 99 लेव्हलला न्या. खेळ म्हणवत नाही इतकं कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच मनोभावे करा. तेच शत्रू, त्याच गुहा, तेच संगीत. प्रत्येक माराचा हिशेब लागतो आणि आकडा वाढलेला डोळ्यांना दिसतो. इतर कुठल्या कष्टात ही सोय आहे? गडी 99 ला पोहोचले की शेवटच्या सेफिरॉथचीही ताकद वाढते, एवढं फक्त आधी कुणाला सांगू नका.

तोही पडला की तुमचा नायक क्लाउड आणि पुन्हा सेफिरॉथच, असं एकास एक द्वंद्व उरतं. तिथे क्लाउडचा लिमिट ब्रेक (मार खाऊन साठणारी खास ताकद) आपोआप भरलेला असतो आणि ऑम्निस्लॅश (त्याचा सर्वांत जबर वार), तुम्ही मिळवलेलं नसलं तरी, यादीत हजर असतं. बटण दाबलं की सेफिरॉथ संपतो. चोकोबो तबेल्यात, मेगालिक्सर बॅगेत.