एकच स्टार दिलेल्या अभिप्रायास उत्तर: जळालेला स्पीकर आणि गेनचा स्क्रू

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की, आमच्या दुकानात गाडीच्या दारात बसवलेला डावा स्पीकर तीन आठवड्यांत बंद पडला. आपले म्हणणे असे की, 300 वॅटचा स्पीकर 50 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जळूच शकत नाही, म्हणजे माल हलका होता. आवाज आम्ही मुद्दाम कमी ठेवला होता, असाही आपला आरोप आहे. आणि वॉरंटी नाकारण्यापूर्वी आपल्याला मिरजेहून सांगलीला दोन हेलपाटे घालायला लावले, असेही आपण लिहिले आहे. हेलपाट्यांची तक्रार पूर्णपणे खरी आहे. पहिल्या दिवशी माप घेणारा कारागीर रजेवर होता आणि तसा साधा फोनही आम्ही केला नाही, याबद्दल मनापासून क्षमस्व.

आता वॅटचा मुद्दा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 300 हा आकडा क्षणभराच्या ठोक्याचा असतो. स्पीकर सतत सोसू शकतो ती ताकद त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत, 50 वॅट आरएमएस अशी दिलेली आहे. (असे आकडे छापणाऱ्यांवर माझाही राग आहे, पण तो वेगळा विषय.) अ‍ॅम्प्लिफायरचे 50 वॅटही स्वच्छ आवाजाचेच धरलेले असतात. त्यापुढे त्याला रेटले की आवाजाच्या लहरीचे माथे सपाट कापले जातात, ज्याला आम्ही क्लिपिंग म्हणतो, आणि लहर पार चौकोनी झाली तर तोच अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ दुप्पट, म्हणजे 100 वॅटच्या आसपास ताकद स्पीकरच्या कॉइलमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत, ओततो. शिवाय एरवी ढोलाचा ठोका कितीही मोठा असला तरी दोन ठोक्यांच्या मध्ये कॉइलला निवायला उसंत मिळते. क्लिपिंगमध्ये आवाज चढवत नेला की ती उसंतही भरून जाते. त्यामुळे लहान अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकर सुरक्षित राहतो, ही समजूत महागात पडते.

आपल्यासमोरच दाराचा पॅड उतरवला होता, ते आठवत असेल. डाव्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बोटांनी दाबला तेव्हा आत खरखर लागली, मल्टिमीटरने कॉइल तुटलेली दाखवली, आणि जळक्या वार्निशचा वास आपणही घेतलात. उजव्याने 3.4 ओहम दाखवले, जे 4 ओहमच्या स्पीकरला साजेसे आहे, म्हणजे तो शाबूत आहे. सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, स्क्रू शेवटापर्यंत फिरवलेला, खालचे सूर वाढवणारा बास बूस्ट 12 डेसिबलवर आणि फिल्टरचा खटका ‘फुल’वर, म्हणजे सगळे सूर स्पीकरकडे सोडणारा, होता. बूस्ट 12 डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या खालच्या सुरांसाठी सोळापट ताकद मागणे. 50 वॅटच्या यंत्राने ती आणायची कुठून?

गाडी दिली त्या दिवशीची मापे आमच्या वहीत आहेत. इंजिन चालू ठेवून, स्पीकरच्या तारा सोडवून, इक्वलायझर सपाट व बूस्ट शून्यावर ठेवून आम्ही 1000 हर्ट्झचा सूर वाजवला. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, डेकचा (गाडीतल्या म्युझिक प्लेअरचा) सिग्नल आवाजाच्या 40 पैकी 33 आकड्यापर्यंत स्वच्छ दिसला, म्हणून आवाजाची मर्यादा 30 धरली. 50 वॅट गुणिले स्पीकरचे 4 ओहम म्हणजे 200, त्याचे वर्गमूळ सुमारे 14.1 व्होल्ट, त्याच्या थोडे आत, 13.5 व्होल्टवर गेन थांबवला आणि 80 हर्ट्झच्या खालचे सूर दाराच्या स्पीकरकडे जाणार नाहीत असा फिल्टर लावला. आपल्याला जो आवाज ‘मुद्दाम कमी’ वाटला, तो हा. गेन हे आवाजाचे बटण नसून डेकमधून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्याचा स्क्रू आहे. आपण तंतुवाद्यांच्या मिरजेचे, म्हणून सांगतो: तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, कानानेच लागते, तिथे मल्टिमीटरचे काही काम नाही, पण धावत्या गाडीत, खिडक्या उघड्या असताना, क्लिपिंगची सुरुवात तयार कानालाही चटकन उमगत नाही.

स्क्रू कोणी फिरवला याची चौकशी मला करायची नाही. तो फिरवू नये हे आम्ही तोंडी, तेही बिल करण्याच्या घाईत सांगितले. लेखी काही दिले नाही आणि स्क्रूवर सीलही लावले नाही. ही चूक आमच्या दुकानाची आहे. जळालेली कॉइल कंपनी वॉरंटीत घेत नाही, तो नियम मला बदलता येणार नाही. मात्र डाव्या स्पीकरची कॉइल मी दुकानाच्या खर्चाने बदलून देईन, सर्व मापे पुन्हा लावून त्यांचा कागद आपल्या हाती देईन. त्यानंतरही आवाज कमी वाटला, तर गेन न वाढवता जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि तेवढी सोसणारे स्पीकर यांचा हिशेब बसून करू. सध्याचा अ‍ॅम्प्लिफायर योग्य किमतीत परत घेण्याची माझी तयारी आहे.

सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर यावे, आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे कारागीर थांबवून ठेवतो. काम साधारण दोन तासांचे आहे. आपण नेहमी ज्या पेनड्राइव्हवरची गाणी लावता, तो सोबत आणावा. त्यातली काही गाणी मुळातच माथे कापलेली असण्याची मला शंका आहे.