फुळकवणी

बायकोचं उजवं मनगट सहा आठवड्यांसाठी प्लॅस्टरमध्ये गेलं आणि घरातलं चहाचं खातं माझ्याकडे आलं. बाकी सगळ्याची सोय झाली होती. पोळ्यांना बाई मिळाल्या, भाजी मुलगी टाकते, भांड्यांना मावशी आहेतच. चहा मात्र 'त्यात काय एवढं' या सदरात मोडतो, म्हणून तो मला दिला.

मी इंजिनीअर. तीस वर्षं कारखान्यात मोजमापं तपासत काढली. त्यामुळे कामाला हात घालण्याआधी मी रीतसर माहिती मागितली.

"पाणी किती?"

"कपाला कप, आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे?"

"आटतं ना, तेवढं."

"पावडर?"

"रंग बघून."

"साखर?"

"अहो, नेहमीची!"

एवढ्या माहितीवर आमच्या कारखान्यात कुणी साधा नटसुद्धा पाडला नसता.

पहिल्या दिवशी मी वेळ वाचवायचं ठरवलं. पाणी, पावडर, साखर, किसलेलं आलं आणि फ्रीजमधलं गार दूध, सगळं एकदमच पातेल्यात घातलं आणि बारीक गॅसवर ठेवलं. थोड्या वेळाने पातेल्यात एक पिवळट तपकिरी पाणी आणि त्यात तरंगणारे गोळे दिसू लागले. बायको दारातूनच म्हणाली, "नासवलंत." मी दूधवाल्याला दोन शब्द सुनावणार होतो, पण तो निर्दोष निघाला. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर असतं. आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं की ते मरतं, मग दूध बिनघोर घालावं. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे तर आल्याच्या रसात गरम दूध ओतून मुद्दाम घट्ट करतात आणि गोड पदार्थ म्हणून खातात. ही माहिती मी आईला पुरवली.

"असं होय," आई म्हणाली. "मग चमचा दे."

आईबद्दल सांगायला हवं. तिचं वय ८१. चहा बशीत ओतून पिते आणि त्याला नावं कधीच ठेवत नाही. सगळी पंचाईत इथेच आहे. चहा बरा असला तर ती म्हणते, "गरम आहे." बिघडला असला तर म्हणते, "दूध छान आहे." आणि पार हाताबाहेर गेला असला तर काहीच न बोलता बशी उजेडाकडे धरून तळाची नक्षी बघते. आमच्या बशीवर निळी फुलं आहेत. पहिल्या आठवड्यात आईने ती फुलं रोज बघितली.

फक्त एकदा तिचा तोल सुटला. पावडर संपत आली होती, म्हणून मी आदल्या चहाचा चोथाच पुन्हा उकळला. (हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय तेवढंच.) एक घोट घेऊन आई म्हणाली, "अरे, ही कसली फुळकवणी?" हा शब्द घरात शेवटचा कधी ऐकला होता, आठवत नाही. मुलीला तो कळला नाही. चव घेतल्यावर कळला.

शेवटी मी माझ्या जुन्या सवयीकडे वळलो आणि मानक शोधलं. थट्टा नाही, चहा करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ३१०३, साल १९८०. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं झाकून मुरवायचा. हे ज्या ब्रिटिश मानकावर बेतलं, त्या सहा पानी कागदाबद्दल ब्रिटिशांच्या मानक संस्थेला १९९९ साली साहित्याचं इग्नोबेल मिळालं. इग्नोबेल म्हणजे नोबेलचं थट्टेखोर भावंड. मला मात्र ती सहा पानं वाचून गहिवरून आलं. कुणीतरी 'थोडं'चे आकडे लिहून ठेवले होते!

मुलीचा केकचा वजनकाटा घेतला, मोबाइलवर सहा मिनिटं लावली. दूध, साखर नेहमीसारखं. झालेला चहा बायकोने खिडकीतल्या तुळशीकडे बघत प्यायला. चूक मानकाची नव्हती. ते चाखणाऱ्या तज्ज्ञांसाठी आहे, एका नमुन्याची दुसऱ्याशी तुलना करायला. त्यात आलं नाही, साखर नाही, आणि उकळणं तर नाहीच. आपली पावडर म्हणजे सीटीसी, चिरडून फाडून गोळी केलेलं पान. ती उकळूनच प्यायची आपल्याला सवय. शिवाय त्या सहा पानांत माझी आईही नव्हती.

मग तो गुरुवार आला. चार वाजता आधण ठेवलं, आलं ठेचून टाकलं, उकळी आल्यावर पावडर, साखर, मग दूध. गॅस बारीक करतोय तोच आठवलं, एका बँकेने माझ्या खात्यातून कसलेसे दोनशे छत्तीस रुपये कापले होते. फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं सांगून त्यांनी सनईसारखं काहीतरी लावलं आणि निघून गेले. मी ओट्याशी फोन कानाला लावून उभा. पातेल्यात चहा वर यायचा, खाली जायचा. वर यायचा, खाली जायचा. शेवटी फोन कट झाला, तेव्हा मी रागारागाने सांडशीने पातेलं उतरवलं आणि गाळला.

आईने बशी तोंडाला लावली. मग दुसरी भरली. मग कप पुढे केला आणि म्हणाली, "आहे का रे अजून?"

पन्नास वर्षांत तिने मला हा प्रश्न विचारला नव्हता. बायको म्हणाली, "काय केलंत वेगळं?" मी म्हटलं, "अंदाज."

फोनमध्ये बघितलं. कॉल अकरा मिनिटं चौदा सेकंदांचा होता.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून अकरा मिनिटं चौदा सेकंद उकळला. "गरम आहे," आई म्हणाली. घड्याळात काहीतरी कमी पडत होतं, बहुतेक राग. तेव्हापासून रोज चारला दूध घातलं की मी त्या बँकेला फोन लावतो. सनई सुरू झाली की गॅस बारीक करतो. दोनशे छत्तीस रुपयांचं काय झालं, ते अजून कळलेलं नाही, पण चहा सुरेख होतो. बशीवरची फुलं आईने हल्ली बघितलेली नाहीत.

आज मात्र घात झाला. पहिल्याच रिंगला एका मुलीने फोन उचलला आणि दोन मिनिटांत पैसे परत केले.

आई म्हणाली, "दूध छान आहे."