टेनेसी सहलीच्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. पुण्याहून आलेल्या तुमच्या आईबाबांना चॅटनूगा शहरात दोन तास ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्यांच्या वयाच्या माणसांची अशी आबाळ व्हायला नको होती.

पण तुम्ही लिहिलंय, "दहा मिनिटं आधी पोहोचलो तरी तिकीट बाद. यांना साधं घड्याळ कळत नाही. सरळ फसवणूक आहे." घड्याळाचं एक वेळ सोडून देतो, पण 'फसवणूक' हा शब्द मला सोडवत नाही. आम्ही नवराबायको दोघंच हा सहलींचा व्यवसाय चालवतो. ऑक्टोबरातल्या पानगळीच्या बुकिंगवर आमचं निम्मं वर्ष निघतं आणि नेमक्या याच दिवसांत तुमचा अभिप्राय सगळ्यात वर दिसतोय. म्हणून त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो.

टेनेसी हे अमेरिकेतलं एकच राज्य असलं तरी त्यात दोन वेळा चालतात. मेंफिस आणि नॅशव्हिल सेंट्रल टाइमवर, तर चॅटनूगा, नॉक्सव्हिल, गॅटलिनबर्ग ईस्टर्न टाइमवर, म्हणजे एक तास पुढे. नॅशव्हिलहून आय-२४ महामार्गाने निघालात की मोंटीगलचा घाट उतरता, मॅरियन काउंटी संपते, मग रस्ता थोडे मैल जॉर्जियात शिरून परत टेनेसीत येतो. त्या जॉर्जियाच्या हद्दीवर तास बदलतो. फोन आपोआप पुढे जातो. तुमच्या भाड्याच्या गाडीतलं घड्याळ आणि बाबांचं मनगटी घड्याळ मात्र नॅशव्हिलच्याच वेळेवर राहिलं.

चॅटनूगाजवळच्या लुकआउट माउंटन या डोंगराच्या पोटातला तो १४५ फुटी धबधबा बघायला ठरलेल्या वेळी ठरलेला गट लिफ्टने खाली नेतात. तुमचं तिकीट दुपारी १ चं होतं, चॅटनूगाच्या वेळेनं. म्हणजे नॅशव्हिलचे १२. रस्ता सव्वादोन तासांचा, म्हणून मी सकाळी ८:३० ला निघा असं लिहिलं होतं. त्यात वाटेत थांबायला आणि पोहोचून जेवायलाही वेळ धरला होता. तुम्ही हॉटेलातून निघालात १०:१० ला. मोंटीगलला चहाला पंचवीस मिनिटं थांबलात. पोहोचलात तेव्हा गाडीत १२:५० वाजले होते आणि तिकीट खिडकीवर १:५०. दहा मिनिटं आधी नव्हे ताई, पन्नास मिनिटं उशिरा. निघण्याची वेळ आणि चहाचं थांबणं मी मनानं सांगत नाही, तुमच्याच मेसेजमध्ये आहे.

तास बदलतो हे तुम्हाला पाठवलेल्या आराखड्याच्या दुसऱ्या पानावर होतं. आदल्या रात्री मेसेजही केला होता, त्याला तुमचा अंगठा आला. तरीही माझी चूक एवढी मान्य करतो की तिकिटाच्या वेळेसमोर 'चॅटनूगाची वेळ' हे शब्द मी लिहिले नव्हते. नुसतं '१ वाजता' लिहिलं. इथे राहून आम्हाला सवय झालीय, पाहुण्यांना नसते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुमचा फोन आल्यावर चारही जणांची ४ वाजताची नवी तिकिटं मी काढली, माझ्या पैशानं. हे तुमच्या अभिप्रायात कुठेच नाही. संध्याकाळी धबधब्यासमोरचा आईबाबांचा फोटो तुम्हीच मला पाठवलात. त्यात आई हसतायत. तो फोटो आम्ही घरी कितीदा बघितला. इन्क्लाइन रेल्वे मात्र राहिली. १८९५ पासून त्या उभ्या चढावर चालणारी ती गाडी बाबांना बघायची होती आणि ती हुकल्याची हळहळ मलाही आहे.

"सात दिवसांत अख्खं राज्य कोंबलं, निम्मा वेळ गाडीत गेला," असंही तुम्ही म्हणता. टेनेसी आडवं पसरलेलं राज्य आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४४० मैल. त्याच्या झेंड्यावरचे तीन तारे म्हणजे पश्चिम, मध्य आणि पूर्व हे तीन विभाग, आणि तिन्ही खरोखर वेगळे आहेत. पश्चिमेला मिसिसिपीच्या काठची सपाट जमीन, मध्ये टेकड्या, पूर्वेला डोंगरच डोंगर. मी पहिल्याच फोनवर म्हटलं होतं, मेंफिस वगळा, नॅशव्हिलपासून सुरू करा, दोन दिवस वाचतील. पण बाबांना मेंफिसमधलं लॉरेन मोटेल बघायचंच होतं, जिथे ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे बाबांनीच मला फोनवर सांगितलं. एवढ्या आस्थेनं कुणी मागितल्यावर मी नाही कसं म्हणणार? त्यासाठी मेंफिस ते नॅशव्हिल २१० मैल गाडीत बसावं लागणार, हेही त्याच फोनवर बोललो होतो.

पार्किंगच्या १५ डॉलरना तुम्ही 'छुपा खर्च' म्हटलंय. ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात प्रवेश फी नाही, पण मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर टॅग लागतो. दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५. ते पैसे उद्यानाच्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर खर्च होतात, आमच्याकडे एक सेंटही येत नाही. आमच्या दरपत्रकात तो खर्च वेगळा लिहायला हवा होता, तो आता लिहिलाय.

त्याच उद्यानातल्या कुवोही शिखरावर धुकं होतं आणि काहीच दिसलं नाही, याला मात्र माझ्याकडे खरंच उत्तर नाही. ६,६४३ फुटांवर खाली ऊन असताना वर ढग असतो. म्हणूनच आराखड्यात दोन सकाळी मोकळ्या ठेवल्या होत्या. दुसऱ्या सकाळी तुम्ही खरेदीला गेलात. तुमची सुट्टी, तुमची मर्जी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण बायकोला एवढंच विचारायचंय की धपाटे शेवटपर्यंत चांगले राहिले ना. आईंना बाहेरचं चालत नाही म्हणून तिनं पहाटे उठून केले होते.

आता प्रत्येक तिकिटासमोर त्या गावची वेळ मोठ्या अक्षरात येईल. हद्द ओलांडायच्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः फोन करू. आणखीही काही सुधारणा करतोय. तारे तुम्हाला वाटतील तेवढेच ठेवा, फक्त 'फसवणूक' हा शब्द काढता आला तर बघा. आईबाबा डिसेंबरपर्यंत इथे आहेत असं तुम्ही म्हणाला होतात. चॅटनूगाला परत जायचं ठरलं तर इन्क्लाइन रेल्वेची चार तिकिटं आमच्याकडून. त्या दिवशी नॅशव्हिलहून मी स्वतः गाडी घेऊन येईन. सकाळी ८:३० ला, नॅशव्हिलच्या वेळेनं.

आईबाबांना आमचा नमस्कार सांगा.